लुकास १६ एसीआर: एक जुना अल्टरनेटर उघडून ओळखताना

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या इंजिनावर बसवलेला लुकास कंपनीचा एसीआर मालिकेतला अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) नुसता बाहेरून पाहून त्याच्याविषयी खात्रीने फार थोडे सांगता येते. १५, १६, १७ आणि १८ एसीआर ही भावंडे इतक्या सारख्या चणीची आहेत, की अंगावरची पट्टी किंवा ठोकलेला क्रमांक नसेल तर अनुभवी माणसालाही क्षणभर थांबावे लागते. पट्टी असली तरी तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही, आणि त्याचे कारण इंग्लंडमधल्या दुरुस्तीच्या व्यवसायाच्या रीतीत आहे. तेथे गेली अनेक दशके अल्टरनेटर बिघडला की तो दुकानात द्यायचा आणि त्याच्या बदल्यात दुरुस्त केलेला दुसरा घेऊन जायचे, अशी एक्स्चेंजची पद्धत रूढ आहे. परत आलेले अल्टरनेटर कारखान्यात एकगठ्ठा उघडले जातात, त्यांतले चांगले भाग निवडून वेगळे ठेवले जातात आणि त्या साठ्यातून नवे संच जुळवले जातात. त्यामुळे पन्नास वर्षांनंतर हाती येणाऱ्या अल्टरनेटरचे बाहेरचे कवच एका गाडीचे, रोटर (आतला फिरता चुंबक) दुसऱ्या गाडीचा आणि डायोडचा (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) संच अलीकडे कोठेतरी तयार झालेला, असे सर्रास आढळते.

माझ्याकडे असलेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९७१ सालची आहे आणि त्या वर्षी या गाडीला कारखान्यातून १६ एसीआर लावला जात असे. माझ्या अल्टरनेटरवरही तेच लिहिलेले होते. मात्र गेल्या हिवाळ्यापासून इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरचा इग्निशनचा लाल दिवा पूर्ण विझेनासा झाला. तो मंद तेवत राही, आणि हेडलाइट, वायपर व हीटरचा पंखा एकदम चालवले की बॅटरीचा व्होल्टेज खाली येई. संपूर्ण अल्टरनेटर बदलणे हा सर्वांत सोपा उपाय होता, परंतु जे यंत्र बदलायचे ते आधी नेमके काय आहे, त्यातले काय चांगले आहे आणि काय गेले आहे, हे जाणून घेतल्याशिवाय ते दुसऱ्याच्या हाती द्यायला माझे मन तयार नव्हते. म्हणून ते पूर्ण उघडून प्रत्येक भाग ओळखायचा आणि मोजायचा असे मी ठरवले. या यंत्राच्या रचनेविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, हे या लेखाचे दुसरे कारण.

थोडी पार्श्वभूमी येथे सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या एमजीबीला डायनामो होता, आणि त्या काळच्या लुकासच्या सी-४० डायनामोची क्षमता २२ अँपिअरच्या आसपास असे. डायनामोत वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि तयार झालेला सगळा प्रवाह कम्युटेटर (आर्मेचरबरोबर फिरणारा तांब्याचा जोड) व त्यावर घासणाऱ्या कार्बनच्या ब्रशमधून बाहेर काढावा लागतो; त्यामुळे त्याचा वेगही मर्यादित ठेवावा लागतो आणि इंजिन सावकाश फिरत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. अल्टरनेटरमध्ये ही मांडणी उलटी असते. चुंबक फिरतो, वीज स्थिर वेटोळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, तयार होते, आणि ब्रशमधून जातो तो फक्त चुंबकाला लागणारा दोन-तीन अँपिअरचा प्रवाह. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि भरवशाचे झाल्यावर ही रचना मोटारगाडीत परवडू लागली, आणि १९६७ च्या अखेरीस आलेल्या एमजीबीच्या दुसऱ्या आवृत्तीत अल्टरनेटर व त्याच्याबरोबर निगेटिव्ह अर्थिंग (बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूच्या अंगाला जोडणे; पुढे ‘जमीन’ म्हणजे हेच अंग) आले. पहिला १६ एसी हा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक पातळीवर ठेवणारा भाग) बाहेर ठेवणारा होता. नंतरच्या १६ एसीआरमधला ‘आर’ हा रेग्युलेटर आतच बसवल्याची खूण आहे.

मराठी वाचकांपैकी ज्यांनी अँबॅसडर चालवली किंवा दुरुस्त केली असेल, त्यांना या गाडीचे बॉनेट उघडल्यावर फारसे परके वाटणार नाही, कारण एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन आणि अँबॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिन ही दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सीरीज या एकाच घराण्यातली आहेत.

उघडण्यापूर्वीची तयारी कंटाळवाणी वाटली तरी तीच पुढचे काम वाचवते. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी, कारण अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलवर इंजिन बंद असतानाही बॅटरीचा प्रवाह थेट आलेला असतो आणि पाना चुकून ब्लॉकला टेकला तर मोठी ठिणगी पडते. अल्टरनेटर उतरवल्यावर त्याची बाहेरची घाण रॉकेल आणि ब्रशने काढावी, पण तो रॉकेलमध्ये बुडवू नये. वेटोळ्यांवरचे वार्निश आणि बेअरिंगमधले ग्रीस दोन्ही त्याने खराब होतात. त्यानंतर पुलीकडचे झाकण, मधला स्टेटरचा गाभा आणि मागचे झाकण या तिन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ टोकदार खिळ्याने ओढून ठेवावी. ही झाकणे अॅल्युमिनियमच्या ओतकामाची असतात आणि जोडताना फिरलेल्या स्थितीत बसली, तर इंजिनावरच्या कानांशी त्यांचा मेळ बसत नाही. माझ्या झाकणावर अशी एक जुनी रेघ आधीच होती, आणि ती स्टेटरवरच्या रेघेशी जुळत नव्हती. हे यंत्र पूर्वी उघडले गेले होते आणि त्याचा स्टेटर बहुधा मूळचा नव्हता, याची ती पहिली खूण होती.

पुलीकडच्या झाकणावर ठोकलेले आकडेही याच वेळी कापडाने स्वच्छ पुसून वाचून घ्यावेत. लुकासची बहुतेक उपकरणे भाग-क्रमांकाबरोबर आठवडा आणि वर्ष दाखवणारे छोटे आकडे अंगावर वागवतात. माझ्या झाकणावर वर्षाचे आकडे ७१ होते, म्हणजे निदान हा ओतकामाचा तुकडा गाडीच्याच वयाचा होता.

मागच्या बाजूचे काळे प्लॅस्टिकचे आवरण दोन स्क्रूंवर बसलेले असते. ते निघाले की यंत्राचा सगळा विद्युत-विभाग एका दृष्टिक्षेपात समोर येतो, आणि मला वाटते की या मालिकेच्या रचनाकारांचे खरे कौतुक येथे केले पाहिजे, कारण ज्या भागांना वारंवार हात लावावा लागतो ते सर्व भाग रोटर न काढता हाती येतील अशा बेताने त्यांनी मांडले आहेत. मध्यभागी ब्रशची पेटी असते, तिला चिकटून रेग्युलेटर, तिच्याभोवती अर्धवर्तुळात डायोडचा संच, आणि एका बाजूला मागच्या झाकणाला स्क्रूने लावलेला, एकच तार असलेला धातूचा लहानसा डबीवजा भाग. हा शेवटचा भाग पुष्कळदा कंडेन्सर समजला जातो. प्रत्यक्षात तो लाटरोधक डायोड आहे. इंजिन चालू असताना एखादी जोडणी निसटली, तर वेटोळ्यांत साठलेली ऊर्जा क्षणभर फार मोठा व्होल्टेज उभा करते आणि त्यात रेग्युलेटरमधला ट्रान्झिस्टर जळू शकतो. हा डायोड ठरावीक व्होल्टेजच्या वर स्वतः वाहू लागतो आणि ती लाट झाकणावाटे जमिनीला देतो. तो स्वतःच शॉर्ट झाला तर ‘आयएनडी’ हे इग्निशनच्या दिव्याकडे जाणारे टर्मिनल कायमचे जमिनीला जोडले जाते, दिवा पूर्ण तेजाने जळत राहतो आणि चार्जिंग बंद पडते. म्हणून असे लक्षण दिसले तर अल्टरनेटर टाकून देण्यापूर्वी या डायोडची तार सोडवून पाहावी. माझा दिवा मंद तेवत होता, त्यामुळे संशय या भागावर नव्हता. तरीही तार काढून तो मोजला आणि तो चांगला निघाला.

टर्मिनल्स पात्यांच्या आकाराची असतात: रुंद पाते बॅटरीकडे जाणारे, आणि अरुंद पाते ‘आयएनडी’ म्हणजे इग्निशनच्या दिव्याकडे जाणारे. रुंद पात्याच्या मुळाशी प्लॅस्टिक तपकिरी झाले असेल तर जोडणी सैल राहून तापत होती असे समजावे आणि गाडीच्या बाजूची खाचही तपासावी.

रेग्युलेटरवरून वय ओळखता येते. या मालिकेत सुरुवातीला ८ टीआर आणि नंतर ११ टीआर व १४ टीआर हे प्रकार आले. १९७१ च्या यंत्रात ८ टीआर असायला हवा होता. माझ्या यंत्रात १४ टीआर निघाला. त्याच्या तारा कोणत्या रंगाच्या आहेत आणि प्रत्येक तार कोणत्या स्क्रूखाली गेली आहे, याचे छायाचित्र घेऊन शिवाय कागदावर रेखाटनही करावे, कारण प्रकार बदलला की तारांची संख्या आणि जागाही बदलते. काळी तार मात्र जमिनीची असते. रेग्युलेटरचे काम थोडक्यात सांगायचे तर रोटरच्या वेटोळ्याची जमिनीकडची वाट सतत उघडायची आणि मिटायची, म्हणजे चुंबकत्वाचे सरासरी प्रमाण असे राहील की बाहेरचा व्होल्टेज १४ च्या थोडा वर स्थिरावेल. डायनामोच्या काळात हेच काम कंप पावणाऱ्या काँटॅक्टची पेटी करत असे आणि तिच्यात कटआउटही लागत असे. येथे कटआउट लागत नाही, कारण डायोड उलटा प्रवाह जाऊच देत नाहीत. आणि प्रवाहावर वेगळे नियंत्रणही लागत नाही, कारण वेग वाढतो तसा स्टेटरच्या वेटोळ्यांचा विरोधही वाढतो आणि यंत्र आपल्या क्षमतेपलीकडे जात नाही.

ब्रशची पेटी तिच्या स्क्रूंवरून उचलली की दोन्ही कार्बन ब्रश स्प्रिंगसह दिसतात. पेटीच्या तोंडाबाहेर आलेली त्यांची लांबी सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते बदलावेत, आणि लांबी पुरेशी असली तरी प्रत्येक ब्रश बोटाने दाबून तो खाचेत मोकळेपणाने मागेपुढे होतो की नाही हे पाहावे. ब्रश अडकलेला असेल तर बहुधा कार्बनची भुकटी आणि तेलाचा अंश मिळून झालेला चिकट थर त्याला धरून बसलेला असतो. पेट्रोलने ओलावलेल्या कापडाने तो निघतो.

आता डायोडच्या संचाकडे येऊ, कारण माझ्या यंत्राचा दोष येथे होता आणि ओळखण्यासारखे सर्वांत जास्त येथेच आहे. या संचात एकंदर नऊ डायोड असतात. स्टेटरच्या तिन्ही फेजचा (म्हणजे तीन वेटोळ्यांचा) प्रवाह सरळ करण्यासाठी सहा मोठे, त्यांतले तीन पॉझिटिव्ह बाजूचे आणि तीन जमिनीच्या बाजूचे, आणि त्यांशिवाय तीन लहान डायोड, जे केवळ रोटरच्या चुंबकाला प्रवाह पुरवतात. हे तीन लहान डायोड कशासाठी, असा प्रश्न मला पूर्वी नेहमी पडे. उत्तर इग्निशनच्या दिव्यात आहे. इग्निशनची चावी फिरवली की बॅटरीचा प्रवाह दिव्यातून ‘आयएनडी’कडे, तेथून ब्रशवाटे रोटरमध्ये आणि रेग्युलेटरमधून जमिनीला जातो. २.२ वॅटच्या दिव्यातून जाणारा हा प्रवाह अँपिअरच्या पाचव्या भागापेक्षाही थोडा कमी असतो, परंतु रोटरला पहिले चुंबकत्व देण्याइतका तो पुरतो. इंजिन फिरू लागले की तीन लहान डायोड ‘आयएनडी’वर बॅटरीइतकाच व्होल्टेज उभा करतात; दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखा व्होल्टेज झाला की दिवा विझतो आणि रोटर स्वतःच्याच विजेवर चालू लागतो. चावी बंद केली की रोटरकडे जाणारी वाट आपोआप तुटते आणि बॅटरी रात्रभर रोटरमधून रिकामी होत नाही. याचा एक व्यावहारिक परिणाम असा, की या गाड्यांत लाल दिव्याचा बल्ब उडाला तर चार्जिंग सुरूच होत नाही, निदान इंजिन बरेच रेटल्याशिवाय नाही. म्हणून चार्जिंगची तक्रार आली की आधी बल्ब पाहावा.

स्टेटरच्या तीन तारा डायोडच्या संचाला कथलाच्या डागांनी जोडलेल्या असतात आणि संच सुटा करायचा तर हे डाग काढावे लागतात. हे काम हळू हाताने करू नये. येथे सावकाशपणाच घातक ठरतो. उष्णता डायोडच्या आत गेली तर चांगला डायोडही मरतो. म्हणून लांब नाकाची पक्कड डाग आणि डायोड यांच्या मधोमध तारेला घट्ट धरावी, म्हणजे उष्णता पकडीच्या लोखंडात जाते, आणि चांगल्या शक्तीचा, पूर्ण तापलेला सोल्डरिंग आयर्न लावून दोन-तीन सेकंदांत तार सोडवावी. कमी शक्तीचा आयर्न बराच वेळ धरून बसणे सर्वांत वाईट. तिन्ही तारा सुटल्यावर संचाचा नट काढला की तो मागच्या झाकणापासून मोकळा होतो.

प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी तपासावा. जुनी पद्धत १२ व्होल्टची बॅटरी आणि १.५ वॅटचा लहान बल्ब एकापाठोपाठ जोडून पाहण्याची आहे: एका दिशेने बल्ब लागला पाहिजे, दुसऱ्या दिशेने लागता कामा नये. मल्टीमीटरवर डायोडची खूण असेल तर चांगला सिलिकॉन डायोड एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दाखवतो आणि उलट दिशेने काहीच दाखवत नाही. माझ्या संचातला एक मोठा डायोड कोणत्याच दिशेने वाहत नव्हता. म्हणजे तीन फेजपैकी एका फेजच्या लाटेचा अर्धा भाग वायाच जात होता, त्यामुळे यंत्र पूर्ण प्रवाह देऊ शकत नव्हते, आणि ‘आयएनडी’ व बॅटरी यांच्या व्होल्टेजमध्ये उरलेल्या फरकाने दिवा मंद तेवत होता. सगळी लक्षणे एका डायोडने समजावून दिली याचे मला फार समाधान वाटले. या संचातला एकच डायोड बदलण्याची सोय नसते, संपूर्ण संच बदलावा लागतो. संचाच्या पट्ट्यांवर लुकासची कोणतीही खूण नव्हती आणि त्याचे डाग झाकणावरच्या मळापेक्षा कितीतरी ताजे होते. तो मागच्या एखाद्या दुरुस्तीत बसवला गेला असणार.

आता तीन लांब आरपार बोल्ट काढावेत. पन्नास वर्षे अॅल्युमिनियममध्ये बसलेले पोलादी बोल्ट गंजाने धरून ठेवलेले असतात, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या टोकांना गंज सोडवणारे तेल लावून ठेवले तर बरे पडते. बोल्ट निघाले तरी मागचे झाकण लगेच सुटत नाही, कारण मागच्या बेअरिंगची बाहेरची कडी झाकणात घट्ट बसलेली असते. स्लिप रिंगच्या (रोटरच्या ज्या कड्यांवर ब्रश घासतात त्यांच्या) गोलाईवरून सहज जाईल आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कडीलाच टेकेल अशा मापाचा नळीचा तुकडा घेऊन त्यावर हलके ठोके द्यावेत. पेचकस फटीत घालून उचकण्याचा मोह टाळावा. अॅल्युमिनियमची कड त्याने कायमची दबते आणि स्टेटरच्या वेटोळ्यांना ओरखडा गेला तर नुकसान भरून येत नाही.

सुटा झालेला स्टेटर म्हणजे पातळ पोलादी पत्र्यांचा गोल गाभा आणि त्याच्या खाचांत भरलेली तीन वेटोळी. प्रथम तो नाकाजवळ नेऊन वास घ्यावा. जळालेल्या वार्निशचा वास वर्षानुवर्षे जात नाही, आणि जळालेली जागा काळी व ठिसूळ दिसते. माझ्या स्टेटरचे वार्निश मधाच्या रंगाचे आणि अखंड होते. तिन्ही तारांपैकी दोन-दोन घेऊन त्यांच्यामध्ये १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटच्या शक्तीचा, ३६ वॅटच्या आसपासचा बल्ब जोडावा. तिन्ही वेळा बल्ब सारख्याच तेजाने लागला पाहिजे. साध्या मल्टीमीटरने येथे ओहम मोजून प्रकार ठरवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण एका फेजचा विरोध ओहमच्या एक-दोन दशांशांइतकाच असतो आणि मीटरच्या स्वतःच्या तारांचा विरोधही जवळपास तेवढाच असतो. वेटोळे आणि गाभा यांच्यात मात्र संपर्क अजिबात नसावा आणि ते मीटरवर स्पष्ट कळते.

रोटर हा मला या यंत्राचा सर्वांत देखणा भाग वाटतो. मधोमध तांब्याच्या तारेचे एकच साधे वेटोळे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आलेले पोलादी पंजे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे. एका बाजूचे सहा पंजे उत्तर ध्रुव आणि दुसऱ्या बाजूचे सहा दक्षिण ध्रुव, असे बारा ध्रुव एका वेटोळ्याने मिळतात. रोटर मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक फेज सेकंदाला ६०० आवर्तने पूर्ण करते, आणि म्हणूनच इंजिन सावकाश फिरत असतानाही हे यंत्र उपयोगी प्रमाणात वीज देऊ शकते. १६ एसीआरची क्षमता ३४ अँपिअर सांगतात ती याच ६,००० फेऱ्यांच्या वेगाला. १५ एसीआरची २८ आणि १७ एसीआरची ३६ अँपिअर आहे.

रोटरच्या मागच्या टोकाला स्लिप रिंग असतात. त्या पितळी-तांबूस आणि गुळगुळीत दिसल्या पाहिजेत. काळ्या पडल्या असतील तर पेट्रोलच्या कापडाने पुसाव्यात आणि तेवढ्याने निघाले नाही तर अगदी बारीक काचपेपर हलक्या हाताने फिरवावा. एमरीचा कागद वापरू नये, कारण त्याचे कण धातूत रुततात आणि नंतर ब्रश झिजवत राहतात. लेथवर स्लिप रिंग घासून घेण्याचाही विचार करू नये. दोन रिंगांमध्ये मोजलेला विरोध माझ्या रोटरचा ४.३ ओहमच्या जवळ आला. या मापाने रोटरचे वेटोळे निरोगी असल्याचे कळते, पण १६ आणि १७ एसीआर यांतला फरक कळत नाही, कारण त्यांच्या ठरलेल्या मापांतले अंतर पाच टक्क्यांच्या मुभेत बुडून जाते. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र संपर्क असता कामा नये. रिंगांना आलेल्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांचे डाग कारखान्यातल्यासारखे नेटके होते आणि त्यांवर पुन्हा कथील चढवल्याची खूण नव्हती. मागचे बेअरिंग बदलायचे तर हे डाग काढून रिंगांचा साच्यात ओतलेला भागच शाफ्टवरून उतरवावा लागतो. म्हणजे हे बेअरिंग कधीच बदललेले नाही, असे अनुमान काढता आले.

पुढच्या बाजूचे काम जड हाताचे आहे आणि त्यात ओळखण्यासारखे कमी आहे. पुलीचा नट काढण्यासाठी रोटर पंज्यांवर पकडू नये. पुलीच्या खोबणीत जुना पंख्याचा पट्टा गुंडाळून तो व्हाइसमध्ये धरावा. नट, वॉशर, पुली, पंखा आणि शाफ्टच्या खाचेतली अर्धचंद्राकृती चावी या क्रमाने भाग निघतात. पंख्याची दिशा आणि त्याच्या मागची अंतर राखणारी कडी विसरली जाते, म्हणून ती चावीसह एकाच पिशवीत ठेवावी. झाकणातले बेअरिंग सर्क्लिपने अडवलेले असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याच्या चकत्या, नमद्याची कडी आणि रबराची ओ-रिंग असते. हे सगळे ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवणे उत्तम, कारण नमद्याची बाजू उलटी बसली तर ग्रीस बाहेर येते आणि धूळ आत जाते. माझ्या पुढच्या बेअरिंगमध्ये हाताने फिरवताना खरखर जाणवत होती, म्हणून ते बदलले. मागचे बेअरिंग निःशब्द फिरत होते; मूळचे निरोगी डाग त्याच्यासाठी तोडणे मला योग्य वाटले नाही आणि ते तसेच ठेवले.

आता हे यंत्र नेमके काय आहे हे सांगता येते. पुलीकडचे झाकण १९७१ चे आणि मूळचे. रोटर न उघडलेला आणि १६ किंवा १७ एसीआरच्या मापाचा. स्टेटर निरोगी, पण जुन्या रेघा जुळत नसल्यामुळे बहुधा दुसऱ्या यंत्रातून आलेला. रेग्युलेटर नंतरच्या काळातला. आणि डायोडचा संच सर्वांत नवा असूनही सर्वांत आधी गेलेला. पट्टी १६ एसीआर म्हणते ते कवचापुरते खरे आहे. स्वच्छ जुने भाग टिकवावेत आणि फक्त गेलेला भाग बदलावा, असे माझे मत या तपासणीनंतर अधिक पक्के झाले, कारण संपूर्ण अल्टरनेटर एक्स्चेंजला दिला असता तर १९७१ चा चांगला रोटरही त्याच्याबरोबर गेला असता आणि बदल्यात काय आले असते ते पुन्हा उघडल्याशिवाय कळले नसते.

जोडणीचा क्रम उलटा, पण तीन गोष्टी सांभाळल्या. आरपार बोल्ट एकेक करून पूर्ण न आवळता तिन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळले आणि मध्ये मध्ये रोटर हाताने फिरवून तो कोठे घासत नाही याची खात्री केली. नव्या डायोड-संचाला स्टेटरच्या तारांचे डाग देताना पुन्हा पक्कड लावली. इंजिनावर बसवून पट्टा ताणताना पहार फक्त पुलीकडच्या झाकणाला लावली, मागच्या झाकणाला किंवा स्टेटरला नाही, आणि सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे १२ मिलिमीटर दबेल इतकाच ताणला. बॅटरी जोडण्यापूर्वी तिची टोके दोनदा पाहिली, कारण उलटी जोडलेली बॅटरी नऊही डायोड क्षणात जाळू शकते.

इंजिन सुरू केल्यावर लाल दिवा पहिल्याच उसळीला पूर्ण विझला. बॅटरीच्या टोकांवर १४.३ व्होल्ट मिळाले, आणि हेडलाइट, वायपर व हीटर एकदम चालवून इंजिनाचा वेग मध्यम ठेवल्यावर व्होल्टेज १४ च्या खाली गेला नाही. पुढच्या खेपेस मागच्या बेअरिंगने आवाज केला, तर स्लिप रिंगचे डाग काढून ते बदलण्याचे काम करीन आणि त्या कामासाठी जास्त तापमानाला वितळणारे कथील वापरीन, कारण वेगाने फिरणाऱ्या आणि तापणाऱ्या त्या टोकाला साधे कथील पुरत नाही.